पित्ताच्या गोळीला 'पर्यंत' हवं

शाळेत रजेच्या अर्जावर 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन्ही तारखा असल्याशिवाय मी सही करत नसे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही पित्ताच्या गोळीपुढे 'पर्यंत' असावं, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

आमच्या वयाच्या कुणाच्याही औषधाच्या डब्यात बघा. बीपीची गोळी असो-नसो, सकाळी उपाशीपोटी घ्यायची पित्ताची गोळी असतेच. सौ.ची नऊ वर्षांपूर्वी गुडघेदुखीच्या गोळीसोबत सुरू झाली, पोटाला त्रास नको म्हणून. गुडघ्याची पंधरा दिवसांत संपली, ही चालूच! मधे दोन डॉक्टर बदलले. प्रत्येकाने आधीची चिठ्ठी पाहून तीच पुढे लिहिली. गेल्या पावसाळ्यात ती अंगणात घसरली आणि मनगट मोडलं. गोळीमुळेच मोडलं असं मी म्हणणार नाही, या वयात हाडं ठिसूळ होतातच. पण मी वाचायला मात्र लागलो.

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गोळ्या जठरातलं आम्ल कमी करतात. पण कॅल्शियम कार्बोनेटची गोळी नीट विरघळायला तेच आम्ल लागतं. म्हणजे एकाच डब्यात दोघी शेजारणी, आणि एक दुसरीच्या कामात खोडा घालणारी! अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० साली इशारा दिला, की या गोळ्या जास्त मात्रेत किंवा वर्षभराहून अधिक घेणाऱ्यांत खुबा, मनगट आणि मणक्याचं हाड मोडण्याचा धोका वाढू शकतो. (गोळ्या घेणारे मुळातच जास्त आजारी असतात, हा आक्षेपही खराच.)

आतड्यांचं निराळंच. आम्ल म्हणजे शाळेच्या फाटकावरचा शिपाई. तो डुलक्या घेऊ लागला की नको ते आत शिरतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या गोळ्या घेणाऱ्यांच्या आतड्यांत तोंडातले जिवाणू जास्त आढळले. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या जिवाणूमुळे होणाऱ्या चिवट जुलाबांचा इशारा तर २०१२ सालीच दिला गेला होता.

असो. पण मंडळी, हे वाचून उद्या गोळी फेकून देऊ नका! ज्यांना अल्सरमधून रक्तस्राव झाला आहे, किंवा जे हृदयासाठी रोज अ‍ॅस्पिरिन घेतात, त्यांना ती गरजेची असू शकते. इतरांनीही डॉक्टरांना विचारून, हळूहळूच कमी करावी. एकदम थांबवली की दबलेलं आम्ल उसळून येतं, छातीत जळजळ होते, आणि मग माणूस म्हणतो, "बघा, हिच्याशिवाय माझं चालतच नाही!"