नेम दुकानात मिळत नाही

नाशिकमध्ये लढाऊ विमानांचं सिम्युलेटर उडवणारी पोरं भेटली, की बोलणं हटकून एकाच प्रश्नावर येतं: कुठली जॉयस्टिक घेऊ? गोळे लागत नाहीत, म्हणून नवी जॉयस्टिक. तरी लागत नाहीत, म्हणून मोठा मॉनिटर. तरीही लागत नाहीत, म्हणून नेमाला मदत करणारी सोय सेटिंगमध्ये जाऊन चालू करायची. मला याची चीड येते. जवळच ओझरला १९६४ साली मिग लढाऊ विमानांसाठी उभारलेला कारखाना आहे. त्याच्या शेजारी वाढलेल्या पोरांना विमानातून नेम कसा धरतात हे ठाऊक नसावं, आणि शिकायचीही तयारी नसावी, ही शरमेची गोष्ट आहे.

आधी ट्रिगरवरचं बोट उचला. मिग-२१ बिसची २३ मिलिमीटरची तोफ मिनिटाला तीन हजारांहून जास्त गोळे फेकते आणि विमानात असतात सुमारे २००. म्हणजे चार सेकंदांत खेळ खलास. ओझरलाच बनलेल्या सुखोई-३० एमकेआयकडे १५० गोळे आहेत. तेही पाच-सहा सेकंदांत संपतात. एवढ्या दारूगोळ्यावर ट्रिगर दाबून आभाळभर शिंपण करणारा पायलट नव्हे, उधळ्या आहे.

मग अंतर. शत्रू ताशी ७२० किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला २०० मीटरनं, तुमच्यासमोरून आडवा जातोय आणि तुम्हीही तेवढ्याच वेगात आहात. ४०० मीटरवरून मारलेल्या गोळ्याला पोहोचायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात शत्रू ९० मीटर पुढे गेलेला असतो, म्हणजे मिग-२१ च्या लांबीच्या सहापट. २०० मीटरवरून हेच अंतर ४५ मीटर. नेम शत्रूच्या किती पुढे धरायचा तो साइटमधला कोन दोन्ही वेळा जवळपास सारखाच, पण जवळून विमान दुप्पट मोठं दिसतं, त्याला वळून निसटायला वेळ निम्माच मिळतो आणि गोळा मीटरभराऐवजी पाव मीटर खाली येतो. जवळ गेलात की तुमची चूक माफ होते. लांबून कुठलीच होत नाही. पहिल्या महायुद्धातला जर्मन वैमानिक ऑस्वाल्ड बोल्केनं १९१६ मध्ये हेच नियम म्हणून घालून दिलं: जवळूनच मारा. शंभर वर्षांहून जुना धडा आजही पचत नाही, कारण जवळ जायला धीर लागतो आणि तो ऑनलाइन मागवता येत नाही.

सगळ्यात मोठं अज्ञान उड्डाणाचं आहे. तोफ विमानाला घट्ट बसवलेली असते. विमान नीट उडत नसेल तर नेम नीट लागूच शकत नाही. विमान बाजूला घसरतंय का हे दाखवणारा उपकरणातला बॉल मध्यभागी नसेल, तर नाक एकीकडे असतं आणि विमान जातं दुसरीकडे. गोळे बाजूला पडतात. ट्रिम केलेलं नसेल, म्हणजे विमान स्टिकला जोर न लावता सरळ उडेल असं साधलेलं नसेल, तर हात स्टिकशी झुंजत राहतो आणि साइटमधली नेमाची खूण लक्ष्यावर थरथरते. शत्रू ज्या प्रतलात वळतोय त्याच प्रतलात आधी या, मग पुढे नेम धरा, खूण स्थिर झाली की एक छोटी फैर झाडा आणि थांबा. या क्रमात जॉयस्टिकची किंमत कुठेच येत नाही.

वस्तूवर भरवसा टाकायची ही चूक विमानं बनवणाऱ्यांनीही केली होती. क्षेपणास्त्रं आली, आता तोफ कशाला, या समजुतीत मिग-२१ एफएल आतल्या तोफेविनाच आलं. मग हवाई दलानं त्याच्या पोटाखाली तोफेचा पॉड लावला. १२ डिसेंबर १९७१ ला कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट भारतभूषण सोनी यांनी मिग-२१ मधून पाकिस्तानचं एफ-१०४ स्टारफायटर पाडलं, ते तोफेनं.  त्यांच्याकडे शिक्षण होतं, सराव होता, शत्रूच्या मागे चिकटून राहायची जिद्द होती.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नेमाची मदत आजच बंद करा. तोफेत ५० च गोळे भरून उडा. प्रत्येक लढतीचं रेकॉर्डिंग थांबवून पाहा: ट्रिगर दाबला तेव्हा अंतर किती होतं, बॉल कुठे होता, खूण किती पुढे होती. चुका लिहून काढा. ज्यांना हा अभ्यास नको, त्यांनी खुशाल खरेदी करत राहावं. पण आपण नेम सुधारतोय असं कुणाला सांगू नये.