आधी खोली बदला, मग मुलीला नावे ठेवा

"कामाला हुशार आहे हो, पण तिला इथे जमत नाही." मंडळाच्या उद्योगगृहातून परत पाठवलेल्या एखाद्या मुलीबद्दल हे वाक्य कानावर आले, की मी एकच विचारते: तिला काम जमत नाही, की ती खोली सोसवत नाही? या दोन गोष्टी एक नव्हेत. पापडाची पाकिटे वजन करून न चुकता भरणारी मुलगी ग्राइंडर सुरू झाला की कानांवर हात ठेवते, डोळे मिटते, उठून बाहेर जाते. आपण लगेच निकाल देऊन मोकळ्या होतो, डोके ठिकाणावर नाही म्हणे. मुलगी घरी बसते. लोक काय म्हणतील म्हणून तिची आईही मंडळात यायची बंद होते. आणि आपण पुढच्या महिन्यात जीवदयेची पावती फाडतो.

मला हे पटत नाही. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघून चालणाऱ्या समाजाला समोर बसलेल्या लेकीचा कान दुखतो हे दिसू नये?

ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असलेल्या अनेकांना आवाज, उजेड, वास, स्पर्श आपल्यापेक्षा कितीतरी तीव्र जाणवतात. काहींना उलट कमी जाणवतात, म्हणून ती माणसे सारखी हलत-डुलत राहतात. हा हट्ट नाही आणि आईने वळण लावले नाही असेही नाही. मेंदूची ठेवणच वेगळी. 1995च्या अपंगांच्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते. 2016च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने ते 21 केले आणि त्यात स्वमग्नता आली, वाचन-लेखन-गणिताची अडचण म्हणजे अध्ययन अक्षमताही आली. माणसाला गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यावी, हे तत्त्व त्या कायद्यातच आहे. कायद्याचा माणूस आपल्या पापडाच्या खोलीत डोकावायला येणार नाही, हे मलाही कळते. पण धर्म तर येतो ना?

आता आपली खोली बघू. खाली चकचकीत फरशी, भिंतींना छातीपर्यंत टाइल्स, वर पत्रा. कठीण, गुळगुळीत पृष्ठभाग आवाज शोषत नाही, परत फेकतो. वीस बाया बोलत असल्या तर चाळीस बोलताहेत असे वाटते. त्यात ग्राइंडर, मिक्सर, कुणाच्या तरी मोबाइलवर स्तवन. आमच्या आदिलाबादेत पावसाळ्यात पत्र्यावर सरी कोसळल्या की शेजारणीचे बोलणे ऐकू येत नाही, आणि मे महिन्यात पारा 45च्या आसपास गेला की तोच पत्रा तव्यासारखा तापतो. जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. बहुतेकींच्या डोळ्यांना ते दिसत नाही, पण काहींचे डोके त्यानेच दुखते. मिरचीचा ठसका, हिंग, फिनेल, उदबत्ती, सगळे एकाच हवेत. आणि समोरच्या भिंतीवर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी, तिच्यावर फोकस लाइट! खोली बांधताना पाटी कुठे लावायची यावर तीन बैठका होतात. तिथे रोज बसणारीला काय सोसवेल, यावर एकही नाही.

गंमत अशी, की शांत जागा कशी असते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मंदिरात शिरताना आपण उंबऱ्याशी थांबतो, 'निस्सही' म्हणतो, बाहेरचा गलबला बाहेर ठेवतो आणि मग आत जातो. सामायिकाला बसतो तेव्हा आपले आसन ठरलेले, वेळ ठरलेली. 48 मिनिटे, सुरुवात कधी आणि शेवट कधी हे आधीच ठाऊक. कुणी सामायिकात असेल तर आपण तिला हाक मारत नाही. ठरलेली जागा, ठरलेली वेळ, मधे कुणी टोकणार नाही याची खात्री. स्वमग्न व्यक्तींसाठी कामाची जागा आखणारे जाणकारही अशाच गोष्टी मागतात. जे आपण 48 मिनिटे स्वतःला देतो, ते त्या मुलीला कामाच्या वेळात का देत नाही?

लिज्जतचे उदाहरण घ्या. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या लोहाणा निवासच्या गच्चीवर 7 बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. पुढे पसारा वाढला, तेव्हा सगळ्या बायकांना एका हॉलमध्ये कोंबले नाही. केंद्रावरून मळलेले पीठ न्यायचे, घरी आपल्या वेळेने लाटायचे आणि पापड केंद्रावर आणून द्यायचे, अशी पद्धत बसली. वेगळ्या मेंदूच्या माणसांसाठी म्हणून ती ठरवलेली नव्हती. पण काम एकाच खोलीत, एकाच गोंगाटात झाले पाहिजे असे नाही, हे त्यातून दिसते. मोजायचा तो पापड, लाटणारी कुठे बसली ते नव्हे.

तरी मुलीला सरसकट घरीच पाठवा, असे मी म्हणत नाही. चार जणींत येणे हाही तिचा हक्क आहे. म्हणून खोलीच बदलायची. ग्राइंडरला वेगळी खोली आणि जाड दार द्या. तो सुरू करण्याआधी पाच मिनिटे सांगा. ट्यूब बदलून न लुकलुकणारे दिवे लावा, तेही सरळ डोळ्यांवर येणार नाहीत असे. पत्र्याखाली छत घाला. आपला जिल्हा कापसाचा. सुताचे जाड पडदे आणि सतरंज्या आवाज पितात आणि धुताही येतात. पिठाच्या खोलीत नकोत, पाकिटे भरण्याच्या खोलीत लावा. भिंती फिकट, एकाच रंगाच्या असू द्या. कामाचा क्रम फळ्यावर चित्रांनी लिहा, म्हणजे "पुढे काय" असे दहादा विचारावे लागणार नाही. एक कोपरा पडद्याआड ठेवा, जिथे कुणाची परवानगी न घेता दहा मिनिटे जाऊन बसता येईल. मात्र तो अडगळीच्या खोलीत नको. तिथे बसणे ही शिक्षा वाटली, तर सगळे मुसळ केरात.

आणि हे सगळे करण्याआधी तिलाच विचारा. एकीला पंख्याच्या घरघरीने बरे वाटते, दुसरी त्याच आवाजाने पळते. छान फिकट रंग मारून "शांत खोली" तयार झाली असे सांगणाऱ्या डिझायनरवर विसंबू नका. अनेकांतवाद प्रवचनात ऐकून माना डोलावतो ना आपण? मग एकच खोली प्रत्येकीला वेगळी भासते, हे मानायला इतके जड का जावे?

"एकीसाठी एवढा खर्च?" असे कुणी म्हणेलच. एकीसाठी कशाला? अर्धशिशीवाली त्याच दिव्याखाली डोके धरून बसते. कानाला यंत्र लावलेल्या सासूबाईंना त्या गलबल्यात काही समजत नाही, कारण यंत्र गोंगाटही मोठा करते. पाळी जाताना अंगाची लाही होणाऱ्या आपण सगळ्या त्याच पत्र्याखाली घामाघूम होतो. त्या मुलीने कान झाकले, आपण सोसत राहिलो, एवढाच फरक. सोसण्याला आपण गुण मानतो, म्हणून न सोसणारी आपल्याला वेडी वाटते.

"हे लाड आहेत," असेही म्हणतील. पाय अधू असलेल्याला खुर्ची दिली तर कुणी लाड म्हणत नाही. कान आणि डोळे थकतात ते दिसत नाही, एवढ्यावरून ते खोटे ठरत नाही.

पुढच्या वेळी मंडळाच्या बैठकीत नव्या फरशीचा विषय निघाला, तर हात वर करा. फरशी राहू द्या म्हणावे, आधी दिवा बदला, ग्राइंडरला दार लावा. आणि जी घरी बसली आहे तिच्या दारी जाऊन विचारा, "काय केले तर तुला येता येईल?" ती जे सांगेल ते लिहून घ्या आणि तेवढे करा. जीवदया तिथूनही सुरू होते.