थंडीला भाव कोण देतो?



महाबळेश्वरची थंडी पैसा पिकवते आणि विदर्भाची थंडी नुसती हाडे गोठवते, असे का? ‘तिकडची हवाच वेगळी’ हे उत्तर अर्धेच खरे आहे.

स्ट्रॉबेरीला कळी धरायला लहान दिवस आणि गार रात्री लागतात. महाबळेश्वर साडेतेराशे मीटर उंचीवर आहे. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातला चिखलदरा अकराशे मीटरवर. दोन्ही गावे इंग्रजांनी हवा खायला वसवली. चिखलदऱ्यात तर त्यांच्या काळापासून कॉफी आहे. स्ट्रॉबेरीचे वाफे मात्र तिथे अलीकडे दिसू लागले. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्येच भौगोलिक मानांकन मिळून गेले.

फरक गिऱ्हाइकाचा आहे. तोडलेले फळ दोन दिवसांत नासते. महाबळेश्वरहून पुणे सव्वाशे किलोमीटर, रात्रीतून मुंबई. दबलेले फळ घ्यायला पाचगणीच्या आसपास जॅम-सरबताचे कारखाने. चिखलदऱ्याहून मुंबई सातशे किलोमीटरच्या पलीकडे. शिवाय स्ट्रॉबेरीवर एकाधिकार खरेदीचा कायदा कधी लागला नाही. आपल्या कापसावर तो १९७२ पासून जवळपास तीस वर्षे होता. पैनगंगा ओलांडून आदिलाबादला गाडी नेली की गुन्हा!

म्हणून यवतमाळच्या वावरात स्ट्रॉबेरी लावा, असे मी सांगणार नाही. आपल्या थंडीचे पीक हरभरा. भारी काळ्या रानात ओल टिकली की तो थंडीवर पोसतो, घाटे धरतो. कापूस-ज्वारीच्या माणसाला खरिपानंतर तोच हात देतो.

पण त्या थंडीचा भाव दिल्लीत पाडला जातो. ऑगस्ट २०२१ मध्ये हरभऱ्याचे वायदे बंद केले. मे २०२४ मध्ये देशी हरभऱ्यावरचे आयात शुल्कच काढून टाकले. एप्रिल २०२५ पासून १० टक्के पुन्हा लावले, तोवर ऑस्ट्रेलियाचा माल बंदरात उतरून गेला होता. शहरातल्या बेसनाची काळजी सरकार घेते, आमच्या घाट्याची कोण घेणार?

बैठकीला येताना प्रत्येक गावाने हरभऱ्याचा एकरी खर्च मांडून आणावा. बियाणे, निंदण, फवारणी, सवंगणी तर धराच. आणि रात्री दोन वाजता वीज आल्यावर कुडकुडत ओलीत करणाऱ्या माणसाची मजुरी लिहायला विसरू नका. ती आजवर कोणत्याच हिशेबात आलेली नाही.