पगार मागणं म्हणजे हात पसरणं नव्हे

नाशिक रोडला बिटको चौकाच्या आसपास दुकानांत, दवाखान्यांत राबणाऱ्या कितीतरी जणी मला भेटतात. काम सोडलं की शेवटचा पगार बुडतो. ‘जाऊ दे ताई, वाईटपणा कशाला?’ वाईटपणा शेठनं करायचा आणि लाज आपण बाळगायची!

‘पैसे दिले नाहीत याला पुरावा काय?’ असं शेठनं दरडावलं की आपण गप्प होतो. पण 2019 ची वेतन संहिता नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झाली. तिच्यानुसार दावा केल्यावर पैसे दिले हे मालकानंच सिद्ध करायचं आहे. काम सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता व्हायला हवा, आणि दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. तरी हजेरी आपल्या वहीत रोज लिहाच.

रजेचं दुखणं वेगळं. 2017 चा राज्याचा दुकाने कायदा करताना दहापेक्षा कमी कामगारांची दुकानं वगळली गेली. मला हा उघड अन्याय वाटतो, कारण बायका बहुतेक तिथंच असतात. 1980 साली पुण्यात मोलकरणींनी संप केला, तेव्हा त्यांच्या हाती तरी कुठला कायदा होता? एकत्र येऊनच त्यांनी मागण्या केल्या. इथंही चारपाच दुकानांतल्या जणींनी मिळून भरपगारी सुट्टी ठरवून, लिहून घ्यावी.

कामगार आयुक्तांच्या नाशिक कार्यालयात एकटीनं जाऊ नका. अर्जाच्या दोन प्रती न्या, आणि एकीवर शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका.