मुंबईच्या जमिनीला एक कायदा, वावराला दुसरा



"भाऊ, आपल्याले काय करा लागते मुंबईचं? कापसाच्या भावाचं बोला." जिल्हा बैठकीत मुंबईचे नाव निघाले की कोणीतरी हे म्हणतेच. म्हणणाऱ्याची चूक नाही. कापूस घरात पडून असताना मेट्रो आणि उड्डाणपुलाच्या गप्पा कोणाला सुचतील? तरीही आज मुंबईचेच बोलायचे आहे. कारण मुंबईतल्या जमिनीचा कायदा करणारी विधानसभा आणि आपल्या सातबाऱ्यावर बसलेला कायदा करणारी विधानसभा एकच आहे. महसूल खातेही एकच. एकच माय दोन लेकरांना कशी वाढते ते पाहिल्याशिवाय आपण उपाशी का, याचा उलगडा होत नाही.

किंमत मातीत नसते

कृषी महाविद्यालयात आम्हाला माती तपासायला शिकवले. खोली किती, सामू किती, सेंद्रिय कर्ब किती, निचरा कसा. या कसोटीवर दादरची जमीन नापास होईल. तिथे पऱ्हाटीचे एक बोंड धरणार नाही की ज्वारीचे एक कणीस भरणार नाही. पण २००५ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबईतल्या पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या, त्या सुमारे २ हजार कोटी रुपयांना. त्यातली दादरची कोहिनूर गिरणी पाच एकरांहून कमी जागेवर होती. तिला ४२१ कोटी आले. म्हणजे एकरी ८० कोटींच्या वर.

आता आपला हिशेब मांडा. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. कोरडवाहू वावरात चांगल्या सालचा उतारा एकरी आठ क्विंटल धरा. पूर्ण हमीभाव मिळाला असेही धरा. बियाणे, खत, फवारणी, वेचणी काहीच वजा करू नका. एकरी ६४,८८० रुपये झाले. दादरच्या एका एकराची किंमत गाठायला अशी बारा हजार वर्षे पऱ्हाटी पेरावी लागेल, आणि त्या बारा हजार वर्षांत एकदाही बोंडअळी येता कामा नये.

"शहर ते शहरच," असे कोणी म्हणेल. पण शहरातही जमिनीला किंमत आपोआप येत नाही. त्या जागेवर काय बांधता येईल, किती मजले चढतील, कोणाला विकता येईल, हे कायदा ठरवतो. नियम बदलला की किंमत बदलते. गिरण्यांच्या जमिनीवर हेच झाले.

गिरणी कापसावर उभी राहिली, जमिनीवर विकली गेली

मुंबईच्या गिरण्या कोणाच्या कापसावर चालल्या? आपली यवतमाळ–मूर्तिजापूर 'शकुंतला' इंग्रज कंपनीने घातली ती प्रवाशांच्या हौसेसाठी नव्हे, वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठी. स्वातंत्र्यानंतर १९७२ पासून एकाधिकार खरेदी आली. कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा. सीमेपलीकडे चांगला भाव दिसत असला तरी बंडी नेली तर गुन्हा. आपल्या मालाला कुंपण घालणारा कायदा तीसेक वर्षे टिकला.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. संप मोडला, कामगार देशोधडीला लागला, गिरण्या बंद पडत गेल्या. उरली जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला. ढोबळ मानाने त्याचा अर्थ असा: गिरणीच्या जमिनीचा एक हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक हिस्सा सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि एक हिस्सा मालकाला. बरा नियम होता. २००१ साली सरकारने त्यात दुरुस्ती केली. वाटणी होईल ती फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची. गिरणी पाडून जी जमीन रिकामी होईल ती वाटणीत धरायची नाही. गिरणी म्हणजे बहुतेक बांधकामच. शहराच्या वाट्याला तुकडे आले आणि मालकाच्या वाट्याला जमीन गेली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली हा अर्थ मान्य केला नाही. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

एका नियमातल्या एका शब्दाने शेकडो कोटींची मालकी इकडची तिकडे झाली. त्यासाठी ना पाऊस लागला, ना कर्ज, ना रात्रपाळीची वीज.

शहराची कमाल मर्यादा उठली, आपली उभी

१९७६ साली नागरी कमाल जमीन धारणा कायदा झाला. मुंबईत ५०० चौरस मीटरच्या वर मोकळी जमीन ठेवता येत नव्हती. बिल्डरांनी आरडाओरड केली की या कायद्याने जमिनीची टंचाई होते, भ्रष्टाचार वाढतो, गुंतवणूक थांबते. केंद्राने १९९९ साली तो रद्द केला. महाराष्ट्राने नोव्हेंबर २००७ मध्ये तो मोडीत काढला. शहरांसाठीच्या केंद्राच्या नेहरू अभियानाचे पैसे हवे असतील तर हा कायदा काढा, अशी अटच होती.

शेतजमिनीचा कमाल धारणा कायदा १९६१ चा. १९७५ साली मर्यादा आणखी खाली आणली. कोरडवाहूला ५४ एकर. तो कायदा आजही आहे. जी टंचाई, जो भ्रष्टाचार, जी थांबलेली गुंतवणूक शहराच्या बाबतीत सरकारला दिसली, ती वावरात का दिसत नाही? ५०० मीटरची मर्यादा मोडली तेव्हा समाजवाद बुडाला नाही. तो सगळा आमच्याच धुऱ्यावर उभा केला आहे काय?

एवढ्यावर भागत नाही. विदर्भाच्या १९५८ च्या कूळकायद्यातील ८९ वे कलम सांगते की शेतजमीन शेतकऱ्यालाच विकता येईल, बिगरशेतकऱ्याला विकायची तर परवानगी घ्या. उद्योगासाठी मात्र कूळकायद्यात सूट आहे. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. २०२५ साली सरकारने शहरांतल्या आणि महानगर प्रदेशांतल्या निवासी भागांपुरता तो सैल केला. वावराला तो आहे तसाच. गाठ एकच, पण शहराकडून ओढली की सुटते आणि आपल्याकडून ओढली की घट्ट होते.

नवी मुंबईच्या शेतकऱ्याने काय केले

मुंबई म्हणजे फक्त बिल्डर नव्हे. त्याच महानगर प्रदेशात आपल्यासारखाच शेतकरी होता. भात पिकवणारा, मीठ काढणारा, खाडीत मासे धरणारा. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नवी मुंबईसाठी घ्यायचे ठरले. मिळेल तो मोबदला घ्या आणि बाजूला व्हा, असा सरकारचा खाक्या.

ते बाजूला झाले नाहीत. दि. बा. पाटलांच्या मागे गावेच्या गावे उभी राहिली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात गोळीबार झाला. पाच शेतकरी गेले. त्या रक्तातून साडेबारा टक्क्यांची योजना आली. जेवढी जमीन गेली तिच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत. पुढे विमानतळासाठी दहा गावांची पाळी आली तेव्हा २०१३ च्या पॅकेजात हा आकडा साडेबावीस टक्क्यांवर गेला. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्या विमानतळाचे उद्घाटन झाले.

ही मेहेरबानी नव्हती, हक्क होता. जमीन गेल्यावर तिच्या वाढीव किमतीत मूळ मालकाचा वाटा असतो, हे तत्त्व महाराष्ट्र शासनाने तिथे मान्य केले. आता सरकारला यवतमाळात "असे कुठे असते का?" म्हणायची सोय उरलेली नाही.

त्या योजनेची दुखणीही ध्यानात घ्या. साडेबारापैकी पावणेचार टक्के सार्वजनिक सोयींसाठी कापले गेले, हाती पावणेनऊच. भूखंड मिळेस्तोवर बापाच्या जागी लेक रांगेत उभा राहिला. गरजेपोटी कित्येकांनी भूखंड हाती येण्याआधीच कागद दलालाला विकले आणि मलई दलालाने खाल्ली. हक्क कागदावर असून पुरत नाही, तो तारखेसह असावा लागतो.

आता आपली पाळी

पवनार ते पत्रादेवी या शक्तिपीठ महामार्गाच्या जाहीर आखणीत यवतमाळ जिल्हा आहे. २४ जून २०२५ ला मंत्रिमंडळाने त्याच्या भूसंपादन वगैरेसाठी २० हजार ७८७ कोटींना मंजुरी दिली. कोणत्या गावातून किती जाईल, आखणी किती बदलेल, ते होईल तेव्हा होईल. तयारी आज करायची.

असा रस्ता दोन्ही बाजूंनी बंद असतो. ज्याचे वावर चिरले त्याला त्या रस्त्यावर बंडी घालता येत नाही. पलीकडच्या तुकड्यात जायला भुयारी वाट शोधावी लागते. किंमत वाढते ती चढ-उताराच्या जागी, नाक्याच्या आसपास. तिथे कोण जमिनी घेतो ते तलाठ्याच्या फेरफारात दिसेल. समृद्धी महामार्गाच्या वेळी सरकारने विकसित भूखंडांचा पर्याय दिला होता. बहुतेकांनी रोख रक्कमच घेतली, कारण सरकारी कागदावरचा भूखंड नातवाला तरी मिळेल का, याचा भरवसा नव्हता.

आणि रोख मोबदला कशावर ठरतो? आसपासच्या नोंदलेल्या खरेदीखतांवर आणि शासकीय मूल्यांकनावर. २०१३ च्या कायद्याने त्याला गुणक आणि दिलासा रक्कम जोडली, हे खरे. पण मूळ आकडाच मेलेला असेल तर गुणून किती फुगणार? कापसाला भाव नाही म्हणून वावराला गिऱ्हाईक नाही. बिगरशेतकऱ्याला घेता येत नाही म्हणून बाजार नाही. बाजार नाही म्हणून खरेदीखतात आकडा नाही. मग तोच आकडा पुढे करून सरकार म्हणते, तुमची जमीन एवढ्याचीच. आधी पाय बांधायचे आणि मग शर्यतीत मागे पडला म्हणून हिणवायचे, असा हा न्याय आहे.

आक्षेप आणि उत्तरे

"५४ एकर आहे कोणाकडे? आपल्याकडे तर तीन-चार एकर." खरे आहे. कायदा उठला म्हणून तुमच्या घरी ५५ वा एकर येणार नाही. पण ज्याला भांडवल घालून शेती करायची आहे, चार कोरडवाहू कास्तकारांच्या जमिनी एकत्र करून विहीर, ठिबक, जिनिंग उभे करायचे आहे, त्याला हा कायदा दारातच अडवतो. तो आला नाही म्हणून तुमच्या तीन एकरांनाही भाव येत नाही.

"कायदे काढले तर सावकार आणि शेठ जमीन गिळतील." ही भीती खरी आहे आणि तिला हसण्यावारी नेणारा आपला नव्हे. पण कायदे असतानाही सावकाराने जमिनी गिळल्याच. पैसे कर्जाचे आणि कागद खरेदीखताचा, ही रीत आपल्या गावोगाव ठाऊक आहे. तिच्यावर इलाज कूळकायद्यात नाही, २०१४ च्या सावकारी कायद्यात आहे. १५ वर्षांच्या आत सावकारीतून गेलेली जमीन परत मिळण्याची तरतूद त्यात आहे. ती जोराने राबवा. पायातली बेडी हे चोरापासून राखण करण्याचे साधन नव्हे.

"मुंबईमुळेच राज्य चालते, ती वाढली तर आपल्यालाही मिळेल." मिळायचे असते तर एव्हाना मिळाले असते. नीती आयोगाने मुंबई महानगर प्रदेशाची अर्थव्यवस्था २०३० पर्यंत ३०० अब्ज डॉलरवर नेण्याचा आराखडा दिला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिसऱ्या मुंबईसाठी १२४ गावे अधिसूचित झाली. वाढो मुंबई. आपले भांडण मुंबईच्या वाढीशी नाही आणि चाळीतल्या कामगाराशी तर मुळीच नाही. ज्या गिरणीत आपला कापूस गेला तिथून तोही हाकलला गेला. भांडण आहे एकाच राज्यातल्या दोन कायद्यांशी.

काय मागायचे

१. शहराची कमाल धारणा काढली त्याच न्यायाने शेतजमिनीची काढा. नसेल काढायची तर शहराची पुन्हा लावून दाखवा.

२. शेतजमीन विक्रीवरचे ८९ व्या कलमाचे बंधन उठवा. सावकारी कायद्याने दाखल अर्जांचा निकाल ठरलेल्या मुदतीत द्या.

३. महामार्ग असो की औद्योगिक वसाहत, रोख मोबदल्याखेरीज नाक्याजवळच्या विकसित जमिनीत नवी मुंबईप्रमाणे वाटा. त्यावर भूखंड क्रमांक आणि ताब्याची तारीख. तारीख चुकली तर दर महिन्याला भाडे.

४. हा कागद हाती पडेपर्यंत मोजणीचा खुंटा वावरात नाही. ज्याला जमीन द्यायचीच नाही त्याच्या 'नाही'चीही नोंद व्हावी.

या चार मागण्यांचा ठराव प्रत्येक ग्रामसभेत मांडा. नुसता हात वर करून थांबू नका. ग्रामसेवकाकडून ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल घ्या. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना ती नक्कल, आपला सातबारा आणि गावात गेल्या तीन वर्षांत झालेल्या जमीन फेरफारांची यादी सोबत आणा. आमदार मते मागायला येईल तेव्हा त्याला एकच प्रश्न विचारा: मुंबईच्या जमिनीसाठी सभागृहात हात वर केला, आमच्या वावरासाठी कधी करणार? उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी घ्या.