झोन दोनचा भरवसा

४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी मुलुगू जिल्ह्यात ५.३ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला आणि हैदराबादही हादरलं. तेव्हापासून आबिड्सच्या आमच्या कार्यालयात एक प्रश्न वारंवार येतो: ‘भूकंपाच्या नकाशात आपण तर कमी धोक्याच्या झोन दोनमध्ये ना, मग?’ गोदावरीच्याच खचदरीत १९६९ साली भद्राचलमजवळ ५.७ चा धक्का बसला होता, हे बहुतेकांच्या गावीही नाही.

जगातले बहुतेक मोठे भूकंप भूपट्टांच्या सीमांवर होतात: प्रशांत महासागराच्या काठाने, आणि भूमध्य समुद्रापासून हिमालयापर्यंतच्या पट्ट्यात. दख्खन त्यांपासून लांब. पण भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर सरकत आशियाला रेटतो आहे, आणि तो ताण त्याच्या पोटातल्या जुन्या भेगांतही साठतो. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३.५६ वाजता, गणपती विसर्जन आटोपून गाव झोपलेलं असताना, किल्लारीत तो मोकळा झाला. तेव्हाच्या नकाशात किल्लारी झोन एकमध्ये होती. म्हणजे सर्वांत सुरक्षित!

मॅग्निट्यूड ६.२, बळी दहा हजारांच्या घरात. २०१० मध्ये चिलीत ८.८ चा भूकंप झाला; ऊर्जा जवळजवळ आठ हजार पट, तरी त्सुनामी धरून मृत्यू सुमारे सव्वापाचशे. किल्लारीच्या जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या होत्या, त्यांत आरपार दगड नव्हते. भिंतींचे आतले-बाहेरचे पदर सुटले आणि माळवदाचा मातीचा जाड थर झोपलेल्यांवर आला.

आबिड्समध्ये माळवदं नाहीत. पण खाली दुकानं किंवा पार्किंगसाठी मोकळे कॉलम आणि वर विटांनी भरलेले मजले, अशा इमारती आहेत. २००१ च्या भुज भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत नेमक्या अशाच इमारती तळमजल्यावर बसल्या.

झोन दोनमध्ये भूकंपरोधक काँक्रीट बांधणीच्या आयएस १३९२० या मानकाची सक्ती नाही. त्यामुळे कॉलममधल्या रिंगांचे हूक ९० अंशांतच वाकवले जातात. हादऱ्यात कव्हर फुटलं की असा हूक उघडतो, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि कॉलम गेला. कॉलम-बीमच्या जोडात तर पुष्कळ ठिकाणी रिंगाच नसतात, कारण तिथे त्या घालणं बारबेंडरच्या जिवावर येतं.

तेव्हा पुढच्या कामापासून ड्रॉइंगवरच ‘आयएस १३९२० प्रमाणे’ असं लिहा, हूक १३५ अंशांतच मागा, आणि काँक्रीट ओतण्याआधी जोडातल्या रिंगा स्वतः मोजा. आणि दुकान मोठं करायला तळमजल्याची भिंत काढा म्हणणाऱ्या मालकाला, हिशेब तपासल्याशिवाय होकार देऊ नका.