गोलकीपरनं बॉल लांब मारायचा की शेजारी पास द्यायचा? वसईच्या मैदानापासून मँचेस्टरपर्यंत रंगलेला वाद

वसईच्या कुठल्याही मैदानावर रविवारी सकाळी मॅच बघायला उभं राहिलं की एक आरोळी हमखास ऐकू येते, "मार रे, लांब मार!" ती असते गोलकीपरसाठी. बॉल त्याच्या पायात, समोरून दोघं धावून येतायत आणि तो शेजारच्या डिफेंडरला छोटा पास देऊ बघतोय. पास गेला तर कुणी टाळी वाजवत नाही. चुकला तर मात्र संध्याकाळपर्यंत त्याची क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते.

पापडी, गिरीज, नंदाखालच्या वाड्यांमधला हा वाद मँचेस्टर आणि पॅरिसमध्येही सुरू आहे. गोलकीपरपासून छोट्या पासांनी खेळ बांधत पुढे जायचं, की बॉल सरळ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला भिरकावायचा?

हे सुरू कुठून झालं?

1992 पर्यंत गोलकीपरला सोय होती. डिफेंडरनं बॉल मागे दिला की तो हातात घ्यायचा, वेळ काढायचा. 1990 च्या वर्ल्डकपमधल्या रटाळ खेळावर टीका झाली आणि 1992 मध्ये नियम बदलला. सहकाऱ्यानं मुद्दाम पायानं दिलेला बॉल कीपरनं हातात घ्यायचा नाही. एका फटक्यात जगातल्या सगळ्या गोलकीपरना पाय वापरायला शिकावं लागलं.

दुसरा बदल 2019 चा. त्याआधी गोलकिकचा बॉल पेनल्टी बॉक्सच्या बाहेर गेल्याशिवाय कुणाला शिवता येत नसे. आता तो बॉक्समध्येच सहकाऱ्याला देता येतो, आणि बॉलला किक बसेपर्यंत प्रतिस्पर्ध्यांनी बॉक्सबाहेर थांबायचं असतं. आज टीव्हीवर कीपरच्या दोन्ही बाजूंना दोन डिफेंडर उभे दिसतात, ते या नियमामुळे.

पण एवढी जोखीम घ्यायचीच कशाला?

हिशोब साधा आहे. समोरच्या संघाचा गोलकीपर तुमच्या बॉक्सपर्यंत धावून येणार नाही. म्हणजे बॉल अडवायला त्यांचे दहा जण. तुमचा कीपर पायानं खेळत असेल तर तुम्ही अकरा. एक माणूस कुठेतरी मोकळा असणारच. तो शोधायचा, एवढाच या पद्धतीचा गाभा.

समोरच्यांनी माणसामागे माणूस लावून वर येऊन दाबलं तर त्यांच्या मागे मोठी जागा रिकामी राहते. तेव्हा लांब बॉलच योग्य. छोटा पास हे अनेकदा आमिष असतं. समोरच्याला वर ओढायचं आणि मग त्याच्या डोक्यावरून बॉल टाकायचा. 'छोटं की लांब' हे भांडण त्यामुळे अर्धं चुकीचंच आहे. ज्या कीपरला दोन्ही जमतं, त्याच्या छोट्या पासाला किंमत येते.

याचं उत्तम उदाहरण जवळचंच आहे. नोव्हेंबर 2019 मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालक समूहानं मुंबई सिटी एफसीचा 65 टक्के हिस्सा घेतला. पुढच्या मोसमात प्रशिक्षक आले सर्जिओ लोबेरा. कीपर आणि कर्णधार अमरिंदर सिंग. खेळ मागून बांधायचा, हा त्यांचा हट्टच. समोर होता अँतोनियो हबास यांचा एटीके मोहन बागान. घट्ट बचाव, कमी जोखीम.

कोविडमुळे तो अख्खा मोसम गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये झाला. लीगचे 20 सामने संपले तेव्हा दोघांचेही गुण 40. मुंबईनं 35 गोल केले आणि 18 खाल्ले. बागाननं 28 केले आणि 15 खाल्ले. दोन टोकाचे विचार, पण गुण अगदी सारखे. आपसातल्या दोन्ही लढती जिंकल्यामुळे शील्ड मुंबईला मिळाली.

मग 13 मार्च 2021, फातोर्डा, फायनल. अठराव्या मिनिटाला मुंबईच्या बॉक्सजवळ अहमद जहूच्या पायातून रॉय कृष्णानं बॉल काढून घेतला आणि डेव्हिड विल्यम्सनं गोल ठोकला. मागून खेळणाऱ्यांना नावं ठेवणाऱ्यांना याहून चांगला पुरावा कुठला?

पण अकरा मिनिटांनी त्याच जहूनं लांब बॉल टाकला. तो अडवायला गेलेल्या तिरीच्या डोक्याला लागून बॉल बागानच्याच गोलमध्ये गेला. नव्वदाव्या मिनिटाला पुन्हा एक लांब बॉल. बागानचा कीपर अरिंदम भट्टाचार्य पुढे आला, पण त्याला तो आवरला नाही. ओगबेचेनं बॉल बिपिन सिंगकडे दिला, समोर गोल रिकामा. मुंबई 2-1. त्या मोसमाचा गोल्डन ग्लोव्ह मात्र अरिंदमलाच मिळाला होता.

म्हणजे छोट्या पासांच्या संघानं छोट्या पासात गोल खाल्ला आणि लांब बॉलवर फायनल जिंकली.

चूक दिसते, फायदा दिसत नाही

कीपरनं लांब मारलेला बॉल अनेकदा समोरच्यांकडे जातो. तिथून उलटा हल्ला होतो, दोन मिनिटांनी गोल होतो. त्या गोलचा दोष कीपरच्या नावावर कुणी लिहीत नाही. छोटा पास चुकला की मात्र सगळे कॅमेरे त्याच्यावर.

25 मार्च 2025 ला शिलाँगमध्ये बांगलादेशविरुद्ध सुरुवातीलाच विशाल कैथचा पास थेट प्रतिस्पर्ध्याच्या पायात गेला. गोल झाला नाही, सामना 0-0 सुटला, तरी त्या पासची चर्चा झाली. त्याआधी 18 नोव्हेंबर 2024 ला हैदराबादमध्ये मलेशियाविरुद्ध गुरप्रीत सिंग संधू बॉल अडवायला खूप पुढे धावला, बॉल हुकला आणि मागे रिकाम्या गोलमध्ये गेला. ती चूक पासची नव्हे, पुढे येण्याच्या अंदाजाची. पण मागे जागा सोडून खेळणाऱ्या संघात कीपरला हेही काम करावं लागतं. (बरोबरीचा गोल मुंबईकर राहुल भेकेचा, हे जाता जाता.)

गंमत म्हणजे वारं आता थोडं फिरलंय. 2016 मध्ये पेप ग्वार्डिओलांनी मँचेस्टर सिटीतून जो हार्टला बाजूला केलं, कारण त्यांना पायानं खेळणारा कीपर हवा होता. पुढे एडरसननं ती भूमिका गाजवली. 2025 मध्ये एडरसन गेला आणि त्याच सिटीनं डोन्नारुम्माला आणलं. त्याची ख्याती हातांची, शॉट अडवण्याची. त्याला सोडलं पॅरिसच्या संघानं, चॅम्पियन्स लीग जिंकल्यावर काही महिन्यांत. कारण? प्रशिक्षक लुईस एन्रिके यांना वेगळ्या प्रकारचा कीपर हवा होता.

मग वसईच्या पोरांनी काय करायचं?

इथे मैदानाचा विचार आधी करावा लागतो. पावसाळ्यानंतरच्या उंचसखल जमिनीवर बॉल सरळ येईलच याची खात्री नाही. पाय लावायच्या क्षणी तो उसळला की सगळं गणित कोसळतं. हल्ली तासाच्या भाड्याच्या छोट्या टर्फवर खेळून पोरांचे पाय चांगले तयार होतात. पण टर्फवर आठ पावलांचा असलेला पास मोठ्या मैदानावर वीस पावलांचा होतो आणि तेवढ्यात स्ट्रायकर पोचतो.

लांब मारण्यातही डोकं लागतं. गोलकिकवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड नसतो, हे किती संघ वापरतात? आणि खाली पडणारा दुसरा बॉल उचलायला कुणी उभंच नसेल तर ती किक म्हणजे नुसती सुटका.

सगळ्यात मोठा प्रश्न प्रशिक्षकाचा आहे. 'मागून खेळा' असं आठवडाभर सांगायचं, मॅचमध्ये डिफेंडरनी पाठ फिरवून पुढे पळायचं आणि पास चुकला की पंधरा वर्षांच्या कीपरवर ओरडायचं, हे सर्रास चालतं. छोटा पास द्यायचा तर तो घ्यायला दोन जण तयार हवेत, आणि किती दाब आला की लांब मारायचं हे मॅचच्या आधी ठरलेलं हवं. तसं ठरलं असेल तर बाजूला उभ्या असलेल्या काकांनी कितीही "लांब मार" म्हटलं तरी पोराला आपल्या कोचकडेच बघता येतं.